दिवेलागणीच्या आत

"नोकरी जाणं म्हणजे आकाश कोसळणं नव्हे," बाबा कपाटाच्या आरशासमोर उभे राहून म्हणाले आणि थांबून माझ्याकडे बघू लागले.

"आकाश काढा," मी म्हटलं. "कारखान्यात कुणी असं बोलत नाही."

"मग काय म्हणू?"

"नोकरी गेली, तुम्ही आहात. एवढंच म्हणा."

त्यांनी ते तोंडातल्या तोंडात घोळवून पाहिलं. मान हलवली. "चांगलं आहे. एम.ए.च्या फीचं काहीतरी चीज झालं."

डिसेंबरातला रविवार होता. आई चटईवर बसून मटार सोलत होती आणि अधूनमधून एखादा दाणा तोंडात टाकत होती. नाशिकला, सातपूरच्या आमच्या कॉलनीत त्या हिवाळ्यात सकाळी उशिरापर्यंत धुकं असायचं. मुलं गॅलऱ्यांतून एकमेकांना हाका मारायची.

बाबा विजेच्या मोटारी बनवणाऱ्या एका कंपनीत पर्सोनेल ऑफिसर होते. मंदी सुरू झाली, मोटारी गोदामात पडून राहू लागल्या, तशी कंपनीने माणसं कमी करायला घेतली. कागदोपत्री ती स्वेच्छानिवृत्ती होती. ज्याचं नाव वरून येई त्याला बाबांच्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसावं लागे, आणि उठताना त्याची सही झालेली असे; तोच त्याचा शेवटचा दिवस. हे काम बाबांच्या वाट्याला आलं होतं. त्यांनी ते नाकारलं नाही. पण निघणाऱ्या प्रत्येक तुकडीसाठी, तिच्या शेवटच्या दिवशी, कँटीनमध्ये तासभर बोलायचं हे त्यांनी स्वतःहून ठरवलं. कुणी सांगितलं नव्हतं. त्या भाषणाची तालीम आमच्या घरी व्हायची आणि भाषा दुरुस्त करायचं काम माझ्याकडे होतं. उद्या पुन्हा एक तुकडी जायची होती.

"आता शेवटचं आणि सगळ्यांत महत्त्वाचं," बाबा पुन्हा आरशाकडे वळले. "घरी त्याच दिवशी सांगायचं. दिवेलागणीच्या आत. एकदा दिवा लागला की माणूस म्हणतो, आता जेवणं होऊ देत, उद्या सांगू. त्या उद्याचा परवा होतो. आणि मग तुमच्या बायकोला ते रेशनच्या रांगेत तिसरंच कुणीतरी सांगतं. तिच्यावर ती वेळ आणू नका."

"आणि बायको रडायला लागली तर?" आईने विचारलं.

"रडू द्यायचं. गप्प बस म्हणायचं नाही."

"मोठे आले सांगणारे! माझ्या डोळ्यांत कांद्याने पाणी आलं तरी खोलीबाहेर जाता तुम्ही."

"मी ऑफिसर आहे. आम्हाला नियम लागू नसतात," बाबा म्हणाले आणि आम्ही तिघंही हसलो. मग त्यांनी ओंजळभर मटार उचलले म्हणून आईने त्यांच्या हातावर चापट मारली.

नियमाप्रमाणे सगळं चालू असलेला तो शेवटचा दिवस.

कॉलनीतल्या एका रिवाजाबद्दल इथे सांगायला हवं. पहिल्या तुकडीत लेथवरच्या बागुलांची नोकरी गेली, त्या संध्याकाळी त्यांच्या बायकोने स्वयंपाकच केला नाही. भिंतीकडे तोंड करून नुसती पडून राहिली. मोटारींना तार गुंडाळणाऱ्या वाइंडिंग खात्यातल्या खैरनारांची बायको सिंधूकाकू पिठलं-भाकरीचं ताट झाकून घेऊन गेली, ओट्यावर ठेवलं आणि एक शब्द न बोलता परत आली. मयताच्या घरी नेतात तसं. दुसऱ्या तुकडीनंतर आणखी काही जणींनी तेच केलं. मग तो कॉलनीचा रिवाजच झाला. ज्या घरातली नोकरी गेली त्या घरी त्या संध्याकाळी ताट जायचं. नेणारीने बोलायचं नाही, घेणारीने विचारायचं नाही. उन्हाळ्यात खैरनारांचंच नाव आलं तेव्हा सिंधूकाकूंच्या घरी एवढी ताटं आली की त्या म्हणे हसायलाच लागल्या.

ही ताटं कामगारांच्या बिल्डिंगमध्ये फिरायची. आमची स्टाफची बिल्डिंग कॉलनीच्या टोकाला होती. तिथे कधी ताट आलं नव्हतं आणि तिथून कधी गेलंही नव्हतं. आईला तो प्रकार अजिबात आवडायचा नाही. "जिवंत माणसाच्या घरी सुतकाचं जेवण. अभद्र कुठलं," ती म्हणायची. बाबांना मात्र त्याचं कौतुक होतं. "माणसं एकमेकांना धरून आहेत," असं ते भाषणातसुद्धा सांगायचे.

सोमवारी बाबा नेहमीच्या वेळेला घरी आले. चहा घेतला. आणखी अर्धा कप मागितला. भाषण कसं झालं विचारल्यावर म्हणाले, "झालं." मग खुर्चीत बसून सकाळचाच पेपर पुन्हा उघडला. आईने देवापाशी दिवा लावला, शुभंकरोती पुटपुटली आणि वांगं भाजायला घेतलं.

"आज काय आहे जेवायला?" बाबांनी आतल्या दिशेने विचारलं.

"भरीत. का हो? कधी विचारत नाही ते."

"सहज."

तेवढ्यात बेल वाजली. मी दार उघडलं. सिंधूकाकू उभ्या होत्या. डोक्यावर पदर, हातात ताट, त्यावर उपडं ताट. लसणाच्या फोडणीचा वास दाराबाहेरूनच आत आला.

"आई," मी हाक मारली.

आई पदराला हात पुसत आली. ताट बघून आधी तिला हसूच आलं. "अगं सिंधू, घर चुकलीस की काय? ही स्टाफची बिल्डिंग."

सिंधूकाकूंनी मान हलवली. चुकले नाही, अशी. रिवाजाप्रमाणे त्या बोलल्या नाहीत. वाकून ताट चपलांच्या स्टँडवर ठेवलं, क्षणभर आईच्या दंडाला हात लावला आणि जिना उतरून गेल्या.

आई तशीच उभी राहिली. आत गॅसवर वांगं तडतडत होतं.

"अहो," ती म्हणाली.

बाबांनी पेपरचं पान उलटलं.

"अहो, ही ताट ठेवून गेली."

"काहीतरी गैरसमज झाला असेल तिचा."

"सिंधूचा? सगळ्या कॉलनीची खबर असते तिला. कसला गैरसमज?"

"आता मला काय माहीत कसला! चार बायका नळावर जमतात आणि वावड्या उठवतात. घरी चूल पेटलेली आहे ना आपल्या? मग?"

बाबा आवाज चढवत नसत. तेव्हाही त्यांनी तो चढवला नाही. फक्त पेपर खाली केला नाही. दोन्ही हातांनी तो धरून ठेवला होता, चेहऱ्याच्या बरोबर समोर. मी बाजूला उभी होते म्हणून मला त्यांचे डोळे दिसले. ते वाचत नव्हते. एका जागी लागलेले होते.

"माझ्याकडे बघून सांगा," आई म्हणाली.

"काय सांगू? वैजू, ते ताट त्यांचं त्यांना नेऊन दे. म्हणावं, गैरसमज झालाय."

"भरलेलं ताट परत पाठवायचं?" मी विचारलं.

आई आमच्या दोघांकडे आळीपाळीने बघत होती. तिला विश्वास ठेवायचा होता, हे मला दिसत होतं. अखेर ती म्हणाली, "जा. देऊन ये. नको ते आपल्या दारात." आणि करपायला लागलेल्या वांग्याकडे पळाली.

ताट जड होतं. जिन्याच्या तळाशी बाबांची स्कूटर उभी असायची. तिच्या मागच्या सीटवर, दोरीने बांधलेली, त्यांच्या ऑफिसच्या खुर्चीतली उशी होती. त्यांना पाठीचा त्रास होता म्हणून आईने जुन्या इरकलीच्या तुकड्यांची ती शिवून दिली होती. कित्येक वर्षं ती त्या खुर्चीतून हलली नव्हती. एकदा धुवायला आणा म्हणून आई मागे लागली होती तर म्हणाले होते, ती खुर्ची माझी आहे तोवर ती उशी तिथली.

मी तिथे ताट घेऊन थोडा वेळ उभी राहिले. वर जाता आलं असतं. बाबांनी 'दे' म्हटलं होतं, म्हणून मी पुढे चालू लागले. मैदान ओलांडताना गॅलऱ्यांमधून बायका बघत होत्या. ताट कामगारांच्या बिल्डिंगकडे जाताना त्यांनी अनेकदा पाहिलं असेल, पण ते कोण घेऊन चाललंय हे बघून एकीने दुसरीला कोपराने ढोसलं. मी मान खाली घातली.

खैरनारांचं दार उघडंच होतं. नोकरी गेल्यापासून काका घरीच पंप आणि पंखे दुरुस्त करायचे. पुढची खोली तांब्याच्या तारेच्या रिळांनी भरलेली होती आणि ते मांडीवर पंख्याच्या मोटारीचा लोखंडी गाभा घेऊन तारेचे वेढे देत बसले होते.

"कोण? साहेबांची वैजू? ये ये." मग त्यांना ताट दिसलं आणि हात थांबला. "अगं सिंधू, बाहेर ये. तुझं पिठलं फिरून आलं."

सिंधूकाकू बाहेर आल्या.

"बाबा म्हणाले," मी सुरुवात केली, "काहीतरी गैरसमज झालाय."

"गैरसमज," काका म्हणाले. "बरं." त्यांनी तार दाताने तोडली. "बघ गं सिंधू, मी म्हणत होतो ना. साहेब लोकांचं पोट भरलेलं असतं. तुझ्या पिठल्याला कोण विचारतो?"

"गप बसा हो. पोरीसमोर काय!"

"का गप बसू? मला गैरसमज झाला म्हणतात ना ते? मी कँटीनचे पंखे द्यायला गेलो होतो, गेटवरच होतो. सिक्युरिटीवाल्याने साहेबांकडून कार्ड काढून घेतलं. ज्याला साहेबांनी चिकटवला त्या पोराने! सकाळी त्यांचं भाषण होऊ दिलं आणि दुपारी त्यांनाच बोलावून सांगितलं, की आता माणसंच उरली नाहीत तर माणसांचं खातं कशाला ठेवायचं? साहेब उशी काखेत मारून उभे. मला बघितलं तर म्हणतात, खैरनार, घरी काही बोलू नका. मी म्हटलं, साहेब, कुणाच्या घरी? तुमच्या का माझ्या?"

ते हसले. मग त्यांचं हसू आपोआप गेलं.

"माझी सही झाली ना पोरी, त्या दिवशी, तेव्हा मी गेटातून निघालो आणि सायकल घराकडे नाही, नदीच्या पुलाकडे वळवली होती. खोटं नाही सांगत. पुलापर्यंत गेलो. मग साहेबांचं डोक्यात आलं. दिवेलागणीच्या आत सांगा. बघितलं तर उन्हं उतरायला लागलेली. म्हटलं, आता पळायला पाहिजे. सायकल अशी हाणली की चेन पडली दोनदा. चप्पल काढायच्या आधी हिला सांगितलं दारातच." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "आणि ते स्वतः..."

"मी चुकले," सिंधूकाकू मधेच म्हणाल्या. त्या माझ्याशी बोलत होत्या, पण माझ्याकडे बघत नव्हत्या. "ह्यांनी मला चारलाच सांगितलं होतं. तरी मी थांबले. तुमच्या घरात देवापाशी दिवा लागलेला खिडकीतून दिसतो इथून. तो लागू दिला. म्हटलं, साहेब दिवेलागणीच्या आत सांगणार. आता वहिनींना कळलं असेल, आता जाऊ. त्यांनी सांगितलंच नसेल असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही गं. त्यांचाच तर नियम."

मी ताट तसंच धरून उभी होते. हात भरून आले होते.

"दे इकडे," त्या म्हणाल्या आणि घेता घेता थांबल्या. "पण परत आलेलं भरलं ताट घरात घेऊ नये म्हणतात. आणि असलं ताट टाकूही नये."

"मग काय करते आता? कुत्र्याला घालते?" काका म्हणाले.

सिंधूकाकूंनी एक पाट मांडला. "बस," त्या मला म्हणाल्या. "तू जेव. तू त्याच घरातली ना? तू खाल्लंस म्हणजे तुमच्याकडे पोचलं. परत आलं असं होत नाही मग."

मी बसले. वरचं ताट त्यांनी काढलं. बाजरीची भाकरी वाफेने मऊ पडली होती. पिठल्यावर साय धरली होती. कडेला मिरचीचा ठेचा आणि कांद्याची फोड. मी पहिला घास घेतला तेव्हा काकांनी पंखा पुन्हा मांडीवर घेतला आणि मुद्दाम भिंतीकडे तोंड केलं. तारेचा सरसर आवाज येत राहिला. मी सगळं संपवलं. सिंधूकाकूंनी हातावर पाणी घातलं आणि त्या म्हणाल्या, "घरी काय सांगायचं ते तुझं तू बघ. आम्ही काही बोलायचो नाही."

"आम्ही कशाला बोलू?" काका भिंतीकडे बघतच म्हणाले. "साहेबांनी सांगितलंय ना बोलू नका म्हणून."

घरी आले तर पानं मांडली होती.

"दिलंस?" बाबांनी विचारलं.

"हो."

"काय म्हणाले?"

"काही नाही. बरं म्हणाले."

त्यांनी पेपरची घडी घातली. मग पानावर बसले. मीही बसले आणि पुन्हा जेवले. आईने बाबांच्या पानात भरीत वाढलं. "छान झालंय," ते म्हणाले, "थोडं करपलंय त्याने उलट चव आली." आई त्यांच्याकडे बघत होती. जेवण होईपर्यंत ती बघत राहिली. मी वाट पाहत होते. ते आता बोलतील, भात वाढल्यावर बोलतील, ताकाला बोलतील. माझ्या पोटात दोन घरांचं अन्न होतं आणि मला वाटत होतं की मी एक शब्द काढला तर बाबांचं जे काही उरलंय ते त्या पानावरच पडेल. म्हणून मी ताक प्यायले.

दुसऱ्या दिवशी बाबा डबा घेऊन स्कूटरवरून गेले. तिसऱ्या दिवशीही. स्कूटरवरची उशी नाहीशी झाली होती. त्या आठवड्याच्या शेवटी आई सकाळी पोळ्या लाटता लाटता थांबली आणि पाठमोरीच म्हणाली, "उद्यापासून डबा नको ना?"

बाबा दाढी करत होते. "नको," ते म्हणाले.

आमच्या घरात ती गोष्ट एवढीच बोलली गेली.

उन्हाळ्यात आम्ही कॉलनी सोडून पुण्याला आलो. बाबांनी एका शाळेच्या ऑफिसात काम धरलं, मग एका सोसायटीचा कारभार पाहिला. नातेवाइकांना सांगायचं वाक्य आईने तयार केलं: "यांनी स्वतःहूनच सोडली. तिथलं वातावरण यांना पटेना." ते इतक्या वेळा बोललं गेलं की त्याला गुळगुळीतपणा आला. माझ्या लग्नात सांगितलं गेलं, माझ्या सासरी सांगितलं गेलं. मीही सांगितलं. बाबा ते ऐकताना नेहमी दुसरीकडे बघायचे. खैरनारकाका एकदा पुण्याला कुणाच्या लग्नाला आले होते, फोन करून भेटू का म्हणाले. बाबांनी बरं नाही म्हणून सांगितलं. बरे होते. त्यानंतर लोकांपुढे उभं राहून बोलताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. सोसायटीच्या झेंडावंदनालाही ते मागे, शेवटच्या रांगेत उभे राहायचे.

या श्रावणात बाबा गेले. सुतकातल्या एका दुपारी दार वाजलं. खैरनारकाका होते. नाशिकहून एकटेच एस.टी.ने आले होते. पाय सुजलेले, दाराच्या चौकटीला धरून उभे. पेपरमध्ये वाचलं म्हणाले. सिंधूकाकू आता घराबाहेर पडू शकत नाहीत. आईला नमस्कार करून ते सतरंजीवर बसले. आई त्यांच्याकडे बघून नुसती मान हलवत राहिली.

खोलीत बाबांचे थोरले भाऊ, माझे मोठे काका होते, आत्या होती, माझ्या नवऱ्याचे भाऊ होते.

"आपण कंपनीत बरोबर होता का?" मोठ्या काकांनी विचारलं.

"नाही हो. मी वाइंडिंगला होतो. साहेब वर होते."

"श्रीनिवासने ऐन भरात नोकरी सोडली, नाही का? आम्ही किती समजावलं असतं! पण पटेना म्हणजे पटेना. त्या वेळी कंपनी लोकांना काढत होती आणि हा पठ्ठ्या स्वतः राजीनामा टाकून बाहेर."

आईने पदर तोंडाला लावला. ती मोठ्या काकांकडे बघत नव्हती, खैरनारांकडे बघत होती. मीही बघत होते. खैरनारकाकांनी हातातला रुमाल घडी घालून मांडीवर ठेवला.

"हो," ते म्हणाले. "साहेबांनी स्वतःच सोडली. फार मानी माणूस. मी गेटवरच होतो त्या दिवशी. ताठ बाहेर पडले."

"बघा," मोठे काका इतरांना म्हणाले. "आमच्या घराण्यात ते आहेच."

"तुम्हाला मात्र काढलं असेल?" आत्याने हळहळून विचारलं.

"आम्हाला काढलं. आम्ही काय, कामगार," खैरनारकाका म्हणाले आणि हसले. आईकडे बघून त्यांनी अगदी किंचित मान हलवली. काळजी करू नका, अशी.

त्यांच्या पायांवरची सूज चपलेच्या पट्ट्यांनी कापल्यासारखी झाली होती. एवढा प्रवास करून हा माणूस आमच्या घरी खाली बसून आमच्यासाठी खोटं बोलत होता, आणि आम्ही ते घेत होतो.

"नाही," मी म्हणाले.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आईने "वैजू" म्हटलं. माझा आवाज चिरकला म्हणून मी पुन्हा म्हणाले, या वेळी मोठ्याने, खैरनारकाकांकडे बघत.

"बाबांनी नोकरी सोडली नव्हती, काका. बाबांना काढलं होतं. तुमच्यासारखंच."